निष्ठेचा हिशेब

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतून एक बातमी गेली काही वर्षे इतक्या नियमाने येते की, तिच्यातील वस्तीचे आणि वाराचे नाव तेवढे बदलावे लागते. मध्यरात्रीनंतर पाच-सात तरुण दुचाकींवरून वस्तीत शिरतात, हातातले कोयते नाचवतात, आरोळ्या ठोकतात आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिक्षा, टेम्पो, मोटारी यांच्या काचा फोडून निघून जातात. दोन-चार दिवसांत पोलीस त्यांना पकडतात. ज्या रस्त्यावर त्यांनी दहशत माजवली त्याच रस्त्यावरून त्यांची धिंड काढतात. छायाचित्रे छापून येतात आणि प्रकरण तेथे संपते. पकडलेल्यांत एक-दोघे अठरा वर्षांच्या आतले निघतात. फुटलेली रिक्षा कोणाची होती, हे मात्र बातमीत क्वचितच असते. बहुधा ती हप्त्यावर घेतलेली असते. तिचा मालक दिवसपाळीला कंत्राटी कामगार आणि संध्याकाळी रिक्षाचालक असतो. आणि तो राहतो त्याच गल्लीत, जिच्या नावाने ही मुले शपथा घेतात.

या विसंगतीकडे लक्ष दिल्यावाचून देहूरोड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील तरुणांविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे. जिच्यासाठी जीव द्यायची भाषा केली जाते त्या वस्तीचेच नुकसान त्याच हातांनी का व्हावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात. पोलिसांच्या दृष्टीने हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, झोपडपट्टीदादांविरुद्धचा १९८१ चा स्थानबद्धता कायदा आणि तडीपारी ही त्यांची हत्यारे आहेत. नीतिवाद्यांच्या दृष्टीने हा संस्कारांचा प्रश्न आहे. चित्रपट, मोबाइल आणि व्यसने यांनी पिढी बिघडवली असे ते सांगतात. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. पण एक गोष्ट दोन्ही उत्तरांतून निसटते. कोठडीत बसलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा साथीदाराचे नाव सांगत नाही, तेव्हा तो पैशांसाठी गप्प बसलेला नसतो. तो शब्दाला जागत असतो. ज्या समाजात मंत्री पक्षाला जागत नाही, मालक कराराला जागत नाही आणि सरकार स्वतःच्या कायद्याला जागत नाही, त्या समाजात हा पोर कोणाला तरी जागतो आहे. त्याची निष्ठा चुकीच्या ठिकाणी वाहिली गेली असेल. ती खोटी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ती आली कोठून आणि तेथेच का गेली, हा खरा प्रश्न आहे.

वस्ती कशी घडली

देहूरोड हे नाव तुकोबांच्या देहूवरून आले असले तरी हे गाव वारीच्या वाटेने वसलेले नाही. ते लष्कराच्या कोठारांभोवती वसले. दारूगोळ्याची व लष्करी सामानाची कोठारे, पुढे १९८४ मध्ये सुरू झालेला आयुधनिर्माणी कारखाना, लोहमार्गाचे स्थानक आणि जुना मुंबई-पुणे रस्ता यांच्या आधाराने येथे मजूर, कारकून, हमाल आणि छोटे दुकानदार आले. मराठवाडा व सोलापूरकडच्या दुष्काळी तालुक्यांतून आले तसे तमिळ व तेलुगू मुलखांतूनही आले. किन्हई, चिंचोली, शेलारवाडी, मामुर्डी ही मूळची गावे छावणीच्या हद्दीत सामावली गेली. एका गल्लीत चार भाषा आणि एका नळावर सहा जाती अशी ही वस्ती आहे.

अशा वस्तीला कायद्याने काय दिले? दारूगोळ्याच्या कोठाराभोवती दोन हजार यार्डांचे संरक्षित क्षेत्र आहे. लोक त्याला 'रेड झोन' म्हणतात. देहूरोडच नव्हे, तर तळवडे, रुपीनगर, निगडी या भागांतील हजारो घरे त्याच्या सावटाखाली उभी आहेत. ज्या घराला परवानगी नाही त्यावर बँकेचे कर्ज मिळत नाही. ते विकायचे तर साध्या कागदावर विकावे लागते. आणि साध्या कागदावरील व्यवहार मोडला तर न्यायालयापेक्षा गल्लीतला वजनदार माणूस जवळचा वाटतो. लोकशाहीचे पाहावे तर छावणी मंडळाची शेवटची निवडणूक २०१५ मध्ये झाली, निर्वाचित सदस्यांची वाढीव मुदत २०२१ मध्ये संपली, २०२३ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि रद्दही झाली. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कारभारही मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिला. नळाला पाणी आले नाही तर कोणाचे दार ठोठवावे, या प्रश्नाला कायद्यापाशी उत्तर नव्हते. गल्लीतल्या 'भाई'चे दार मात्र रात्री-अपरात्रीही उघडे होते.

कामगार वस्तीतील निष्ठा ही भावनेइतकीच अर्थव्यवहाराचीही बाब आहे, हे सुखवस्तू टीकाकार विसरतात. ज्याच्या घरी साठवण नाही, विमा नाही आणि उद्याच्या रोजगाराची हमी नाही, त्याच्या दृष्टीने शेजारी हाच विमा असतो. भिशी, उसनवारी, रुग्णालयात रक्त द्यायला धावणारी चार पोरे, मयताला खांदा देणारे हात, जामिनाला उभा राहणारा माणूस हे सर्व त्याचे भांडवल असते. हे भांडवल टिकवायचे तर हाकेला ओ द्यावी लागते. आज जो दुसऱ्याच्या भांडणात उतरला नाही त्याच्यासाठी उद्या कोणी उतरणार नाही. विल्यम फूट व्हाइट यांनी बोस्टनच्या इटालियन वस्तीतील नाक्यावरच्या तरुणांचा अभ्यास करून १९४३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना हेच आढळले. बाहेरच्यांना जी वस्ती विस्कळित वाटत होती तिच्यात परस्पर उपकारांची आणि परतफेडीची अत्यंत काटेकोर व्यवस्था होती.

गिरणगावाचा धडा

महाराष्ट्राला हे समजण्यासाठी बोस्टनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. मुंबईच्या गिरणगावातील चाळी, खाणावळी, गावकऱ्यांच्या खोल्या, तालमी आणि चहाची दुकाने यांनी विणलेल्या जाळ्यातून 'दादा' नावाची व्यक्ती उभी राहिली, हे राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या संशोधनातून सविस्तर दाखवले आहे. दादा भांडणे मिटवी, उधारी मिळवून देई, प्रसंगी नोकरीसाठी शब्द टाकी. संपाच्या काळात त्याचे महत्त्व वाढे, कारण गिरणीच्या दारावरचा संप अखेर चाळीच्या जिन्यात टिकत किंवा फुटत असे. काही दादा संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, तर काहींनी मालकांसाठी संप फोडले. दादाची शक्ती स्वभावतः पुरोगामी नव्हती, तशी प्रतिगामीही नव्हती. तिला कोण जोडून घेतो, यावर सारे अवलंबून होते.

कामगार चळवळीने ती अनेक दशके बऱ्याच अंशी जोडून घेतली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो जिंकला गेला नाही. तो विरत गेला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि ज्या चाळींतून पूर्वी संपाचे स्वयंसेवक निघत त्याच चाळींतून टोळ्यांना माणसे मिळू लागली. बापाची निष्ठा युनियनशी होती; मुलाची दगडी चाळीशी जडली. पुढे त्याच चाळीतून पक्ष निघाला आणि २००४ मध्ये अरुण गवळी विधानसभेत पोहोचले. २०१२ मध्ये एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल ते दोषी ठरले. डॉ. सामंतांचा खून १६ जानेवारी १९९७ रोजी भाडोत्री मारेकऱ्यांकडून झाला. कामगारांचा पुढारी आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारे हात यांच्यामध्ये केवळ पंधरा वर्षांचे अंतर होते. एका वर्गाचे रोजगाराचे साधन नाहीसे झाले की त्याची निष्ठा नाहीशी होत नाही. ती मालकाविना पडून राहते आणि पहिला येणारा ती उचलतो.

पिंपरीत काय बदलले

पिंपरी-चिंचवडमध्ये हाच इतिहास वेगळ्या चालीने घडला. येथे गिरण्यांसारखे एका तारखेने काही बंद पडले नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डी, पिंपरी, भोसरी या गावांच्या माळांवर यंत्रांचे व मोटारींचे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्या पिढीच्या कायम कामगाराजवळ पगाराची चिठ्ठी होती, भविष्यनिर्वाह निधी होता, पतपेढीचे कर्ज होते आणि युनियनची पावती होती. या पावतीचे मोल पैशांत होत नाही. पावती असलेला माणूस वार्षिक सभेत उभा राहून विचारू शकत होता की, वर्गणीचे काय केले, करारात अमुक कलम का सोडले. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले तेव्हा त्यांच्या मार्गाविषयी आणि नेतृत्वाविषयी तीव्र मतभेद होते. त्या लढ्याचा शेवटही पराभवात झाला. पण तो वाद उघड्यावर, सभांत आणि पत्रकांत झाला. निष्ठा होती आणि तिचा हिशेबही मागितला जात होता.

पुढील तीन दशकांत कायमपणाचा हा पाया कापला गेला. कंत्राटी कामगारांचे नियमन व कंत्राटी पद्धतीचे निर्मूलन करण्यासाठी १९७० मध्ये कायदा झाला खरा, पण निर्मूलनाचा भाग कागदावर राहिला आणि नियमनाचा भाग पळवाटांचा झाला. २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. २००७ मध्ये आकुर्डीतील दुचाकींचे उत्पादन थांबले. उत्पादन चाकणसारख्या नव्या ठिकाणी आणि दूरच्या राज्यांत गेले. २०१३ नंतर काही वर्षे 'नीम' या केंद्रीय योजनेखाली मुले कामगाराचे काम करीत होती आणि कागदावर शिकाऊ होती. सप्टेंबर २०२१ पर्यंत जी आयुधनिर्माणी थेट सरकारी खात्याखाली होती तिचेही १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपनीकरण झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कंत्राटी कामाच्या नियमनाची मर्यादा केंद्रीय कायद्यात वीस कामगारांवरून पन्नासवर गेली. एकोणपन्नास माणसे ठेवणारा ठेकेदार त्या नियमनाबाहेर राहिला.

देहूरोडच्या पंचविशीतल्या मुलाला या सर्वांचा अर्थ अगदी साधा समजतो. बापाला कारखान्याने घेतले होते. त्याला ठेकेदार घेतो. सात-आठ महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. गणवेश एका कंपनीचा, हजेरी दुसऱ्याची आणि पगार तिसऱ्याचा असतो. तो युनियनच्या कार्यालयात गेला तर त्याला सांगण्यात येते की, सभासदत्व फक्त कायम कामगारांना आहे. येथे दोष केवळ भांडवलदारांचा नाही. कायम कामगारांच्या अनेक संघटनांनी आपल्या करारांच्या भिंतीआड स्वतःला सुरक्षित करून घेतले आणि त्याच यंत्रावर निम्म्याहून कमी पगारात उभ्या असलेल्या तरुणाला भिंतीबाहेर ठेवले. त्या भिंतीबाहेर त्याची वाट पाहत जो उभा होता तोच आजचा भाई आहे.

दारावरचा ठेका

चाकण, तळेगाव, म्हाळुंगे या भागांतील मोठ्या कारखान्याला रोज लागणाऱ्या सेवांची यादी पाहावी: माल चढवणे-उतरवणे, भंगार उचलणे, कामगारांच्या बसगाड्या, खानावळ, साफसफाई, पहारेकरी, पाण्याचे टँकर, माती हलवणे. प्रत्येक सेवा म्हणजे एक ठेका. यांतील पुष्कळ ठेक्यांना उघडी निविदा नसते आणि ते कोणाला द्यावेत याचा सार्वजनिक नियमही नसतो. मग जो दार अडवू शकतो त्याला ठेका मिळतो. ज्यांच्या जमिनी उद्योगांसाठी गेल्या त्या गावांचा दावा असतो की, जमीन आमची गेली, तर काम आम्हाला मिळाले पाहिजे. या दाव्यात न्याय आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. मोबदल्याचा पैसा एका पिढीत गाडीत, लग्नात आणि बंगल्यात विरतो. दुसऱ्या पिढीजवळ ना जमीन राहते ना कारखान्यात शिरण्याइतके शिक्षण. पण 'स्थानिकांना काम' ही मागणी गावाच्या सभेत ठरून, यादी होऊन पुढे जात नाही. ती एका माणसाच्या खिशात जाते. 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ हळूहळू 'तो' असा होतो.

या व्यवहारात उद्योजक केवळ बळी असतात, असे समजण्याचे कारण नाही. खंडणीविरुद्ध त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांची दखल घेतलीच पाहिजे. परंतु जो ठेकेदार शंभर मुले एका फोनवर आणतो, एका फोनवर काढतो आणि दारापाशी युनियनचा झेंडा लागू देत नाही, तो काही व्यवस्थापनांना सोयीचाही असतो. खंडणी हे त्या सोयीचे वाढत गेलेले बिल आहे.

आणि टोळीच्या आतही वर्ग असतात. ठेका ज्याच्या नावावर असतो आणि कोयता ज्याच्या हातात असतो ती दोन वेगळी माणसे असतात. पहिल्याजवळ जमीन, वाहने आणि ओळखी असतात. दुसरा बहुधा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराचा मुलगा असतो. स्थानिकत्वाच्या लाभात त्याचा वाटा नसतो. वाढदिवसाच्या फलकावर कोपऱ्यात छायाचित्र, एखाद्या रात्रीचे जेवण, बहिणीच्या लग्नात दिलेले पाच-दहा हजार आणि 'आपला माणूस' हे दोन शब्द एवढीच त्याची मजुरी. नाक्यावर दहशत टिकवणे हे त्याचे काम. दहशत दाखवायची तर दूरच्या बंगल्यावर जाऊन भागत नाही. ती जवळच्या, दुबळ्या आणि तक्रार न करणाऱ्या माणसालाच दाखवावी लागते. म्हणून हप्त्यावरची रिक्षा फुटते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. वस्तीच्या नावाने गोळा केलेली निष्ठा वस्तीच्या मालकीची राहिलेली नाही. ती वस्तीला वेठीस धरण्याच्या कामी भाड्याने दिली गेली आहे.

लाटांचे मालक

दुर्मीळ संधी, तिच्या वाटपाचा नियम नाही, आणि जवळ राहणाऱ्यांची फळी: या तीन गोष्टी एकत्र आल्या की जगात कोठेही असेच घडते. याचे एक चमत्कारिक उदाहरण समुद्रकिनाऱ्यांवर सापडते. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय आहे. समुद्र सर्वांचा, लाटेला तिकीट नाही. पण चांगली लाट एका वेळी एकालाच मिळते. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरातील मरूब्रा या किनाऱ्यालगत सरकारी घरांची कष्टकरी वस्ती आहे. तेथील लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांची 'ब्रा बॉइज' नावाची टोळी प्रसिद्धीस आली. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर, आपण आपल्या भावाचे राखणदार आहोत अशा अर्थाचे गोंदण असे. मोडलेल्या घरांतल्या मुलांना या टोळीने भाऊ दिले, हे खरे. २००३ मधील एका खुनाच्या प्रकरणात एका भावाची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली आणि दुसऱ्या भावाला तपासाची दिशाभूल केल्याबद्दल शिक्षा सुनावली, हेही खरे. डिसेंबर २००५ मध्ये जवळच्या क्रोनुला किनाऱ्यावर वांशिक दंगल पेटली, तेव्हा याच टोळीतील पुढाऱ्यांनी लेबनीज वंशाच्या तरुणांशी बोलणी करून शांततेचे आवाहन केले. तीच निष्ठा, तीच माणसे. एकदा गुन्हा झाकण्यासाठी आणि एकदा आग विझवण्यासाठी.

याच खेळाचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालोस व्हर्डेस हा धनिकांचा गाव. तेथील लुनाडा उपसागरावर स्थानिक लोक परक्यांना वर्षानुवर्षे धमकावून, त्यांच्या गाड्यांची नासधूस करून हुसकावून लावत. त्यांनी किनाऱ्यावर दगडी ठाणेही बांधले होते. २०१६ मध्ये खटला दाखल झाला आणि त्याच वर्षी ते ठाणे पाडले गेले. तोपर्यंत अनेक दशके शासनाला या प्रकारात विशेष काही गैर दिसले नव्हते. गरिबांची पोरे 'किनारा आमचा' म्हणाली की ती टोळी ठरते. श्रीमंतांची प्रौढ मुले तेच म्हणाली की तो गावाचा अभिमान ठरतो. आपल्याकडेही टेकडी फोडून वसाहत उभारणारे आणि नदीचा रस्ता भिंतीने अडवणारे लोक कोयता बाळगीत नाहीत. त्यांचा हद्दीचा दावा नोंदणीकृत असतो.

उपाय कोठे शोधावा

याचा अर्थ कोयत्याला क्षमा करावी असा नाही. टोळीच्या निष्ठेला बंडखोरीचा मुलामा देण्याचा रोमँटिक मोह समाजवाद्यांनी कटाक्षाने टाळला पाहिजे. ज्याची रिक्षा फुटली त्याला पोलीस हवा आहे आणि तो त्याचा हक्क आहे. ज्या मुलीला नाक्यावरून जाताना मान खाली घालावी लागते तिला समाजशास्त्र ऐकवून चालणार नाही. 'भावांच्या' या निष्ठेत बहिणींना स्थान नसते, आणि तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत मात्र आयाच उभ्या असतात, हे कधीही विसरता कामा नये. परंतु धिंड काढल्याने दहशत मोडत नाही. ज्याला समाजात दुसरी कोणतीही प्रतिष्ठा नाही त्याच्या लेखी ती मिरवणूक ठरते. आणि बहुतेक वेळा धिंड कोयता धरणाऱ्याची निघते, ठेका धरणाऱ्याची निघत नाही.

पर्याय काल्पनिक नाहीत. ते याच भूमीत घडलेले आहेत. हमाल, मापाडी, माथाडी यांच्याइतका विखुरलेला आणि मुकादमाच्या मुठीत असलेला कामगार दुसरा नव्हता. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. या कायद्याची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळावर सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी असतात. कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ मंडळाकडून मिळतात. मुकादमाची जागा नोंदवहीने घेतली. आज 'माथाडी' या नावाने खंडणी मागितली जाते हे सत्य आहे. पण ते मागणारे मंडळाच्या नोंदवहीबाहेरचे असतात. बनावट माथाडीचे निमित्त करून २०२३ मध्ये कायद्यात बदल करणारे विधेयक आणले गेले व माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला, तो योग्यच होता. खोटी नाणी चालतात म्हणून टाकसाळ बंद करीत नाहीत.

भंगाराचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. चाकणच्या पट्ट्यात कारखान्याच्या भंगारावरून टोळ्या भिडतात. पुण्यातही कचऱ्यातील कागद, काच, पत्रा यांवर हजारो स्त्रिया जगत होत्या. बहुसंख्य दलित, बहुसंख्य निरक्षर. १९९३ मध्ये त्यांची 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. ओळखपत्रे आली, भंगाराचा भाव विचारण्याची हिंमत आली, आणि २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. माल तोच, तंट्याची शक्यता तीच, गरिबी अधिक तीव्र. तरी तेथे कोयता निघाला नाही, कारण तेथे निष्ठेबरोबर सभासदत्व होते, आणि सभासदाला हिशेब विचारता येत होता.

यावरून कार्यक्रम स्पष्ट होतो. पहिली गोष्ट, या पट्ट्यातील प्रत्येक डाव्या व समाजवादी कामगार संघटनेने कंत्राटी आणि शिकाऊ कामगाराला त्याच युनियनचे पूर्ण सभासदत्व द्यावे. करारात त्याच्या पगाराचे कलम पहिले असावे. दुसरी, चढ-उताराचे प्रत्येक काम माथाडी मंडळाकडे नोंदले जावे आणि नोंदीबाहेरील वसुलीवर, ती करणारा कोणत्याही पक्षाचा असो, खटला भरला जावा. तिसरी, भंगार, खानावळ, साफसफाई यांचे ठेके उघड्या नियमाने, गावातील व वस्तीतील तरुणांच्या आणि स्त्रियांच्या सहकारी संस्थांना द्यावेत. भूमिहीन भाडेकरूचा मुलगाही त्या संस्थेचा सभासद होऊ शकला पाहिजे. चौथी, छावणीच्या रहिवाशांना मताचा हक्क आणि रेड झोनमधील घरांना निश्चित कायदेशीर उत्तर मिळाले पाहिजे, कारण कायद्याबाहेर ठेवलेली वस्ती कायद्याबाहेरच्या माणसाकडेच जाते. पाचवी, अटक झालेल्या अल्पवयीन मुलाला वकील, जामीन आणि सुटल्यावर काम मिळवून देण्याची जबाबदारी चळवळीने स्वतः घ्यावी. आज ही तिन्ही कामे भाई करतो, आणि त्या एका उपकारावर पुढील दहा वर्षांची निष्ठा विकत घेतो.

यांतील शेवटचे काम सर्वांत कठीण आहे, कारण त्यात पक्षांना आरशात पाहावे लागेल. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीची किल्ली कोणाच्या हातात आहे हे प्रत्येक पक्षाला ठाऊक असते आणि ती मागायला जवळपास सर्वच जातात. ज्याच्या घरी मतांसाठी गेलो त्याच्याविरुद्ध दुसऱ्या दिवशी नैतिक भाषण करण्याचा अधिकार राहत नाही. समाजवादी पक्षांची शक्ती या पट्ट्यात आज क्षीण आहे. निदान या बाबतीत हात स्वच्छ ठेवणे तिला परवडण्यासारखे आहे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतरापूर्वी सुमारे दोन वर्षे घडलेली ही घटना या वस्तीच्या अभिमानाचा विषय आहे. त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातील व्यक्तिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. माणसांनी एकमेकांना धरून राहू नये, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. त्यांनी तर माणसांना संघटित होण्यास शिकवले. कोणाच्याही पायी आपली बुद्धी आणि आपले हक्क गहाण टाकू नयेत, एवढेच ते सांगत होते. देहूरोडच्या मुलाजवळ आज विकण्यासारखे दुसरे काही नाही म्हणून तो आपली निष्ठा विकतो, तीही फार स्वस्तात. तिची खरी किंमत सांगणारी आणि तिचा हिशेब देण्यास बांधलेली संघटना त्याच्या गल्लीत जोवर उभी राहत नाही, तोवर पोलिसांच्या धिंडी निघत राहतील आणि सकाळी कामावर निघालेला रिक्षावाला रस्त्यावर पडलेल्या काचा गोळा करीत राहील.